निकाल आधी तिला सांगा

भारतीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाचे पदाधिकारी आणि वैद्यकीय समितीचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी एका जिल्ह्याच्या गावी मुलींना धावायला शिकवते. आमचं मैदान मातीचं आहे, लेन आम्हीच फक्कीने आखतो आणि पावसाने पुसल्या की पुन्हा आखतो. सहा-सात मुली १०० आणि २०० मीटर मनापासून करतात. त्यातल्या एकीची आई मागच्या महिन्यात सराव संपेपर्यंत कडेला थांबून राहिली आणि मग मला म्हणाली, "मॅडम, आता म्हणे पोरींची तपासणी होणार, मुलगीच आहे का ते बघायची. आमच्या पोरीचं काही निघालं तर पेपरात नाव येणार का?"

मला तिला उत्तर देता आलं नाही. ते उत्तर तुमच्याकडे आहे, म्हणून हे पत्र.

नियम तुम्हाला माहीत आहेच, पण हे पत्र पालकही वाचतील, म्हणून थोडक्यात सांगते. १ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने महिला गटात धावणाऱ्या प्रत्येक खेळाडूला जागतिक क्रमवारीच्या स्पर्धांसाठी एक जनुकीय चाचणी सक्तीची केली आहे. गालाच्या आतून किंवा रक्ताचा नमुना घ्यायचा आणि वाय गुणसूत्रावर सहसा असणारा एसआरवाय नावाचा जनुक आहे का ते पाहायचं. आयुष्यात एकदाच. आणि ही चाचणी करून घेण्याची जबाबदारी त्या त्या देशाच्या महासंघावर आहे, म्हणजे आपल्याकडे तुमच्यावर.

हा नियम बरोबर की चूक, या वादात मी आज तुम्हाला ओढत नाही. माझं मत आहे आणि ते नियमाच्या विरोधात आहे, पण नियम तुम्ही केलेला नाही. तो कसा राबवायचा, ते मात्र पुष्कळसं तुमच्या हातात आहे. आणि आपल्या देशात ही गोष्ट एकदा कशी राबवली गेली, ते मी विसरू शकत नाही.

जुलै २०१३ मध्ये पुण्याला बालेवाडीत आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. तेव्हाच्या माझ्या चार मुलींना घेऊन मी एसटीने गेले होते. त्यांना सिंथेटिक ट्रॅक डोळ्यांनी बघायचा होता. २०० मीटरच्या अंतिम शर्यतीत ओडिशाची एक लहानखुरी मुलगी होती. वय सतरा. वळणावर ती मागे होती आणि सरळ पट्टीत तिने जी मुसंडी मारली, ती पाहून माझ्या मुली बाकावर उभ्या राहिल्या. तिला कांस्य मिळालं. तिचं नाव द्युती चंद हे त्या दिवशी आम्हाला कळलं. जाजपूर जिल्ह्यातल्या चाका गोपालपूर गावच्या विणकराची लेक. मोठी बहीण सरस्वती धावायची, तिच्या मागे मागे ही ब्राह्मणी नदीच्या काठावर अनवाणी धावायला शिकली. परतीच्या एसटीत माझ्या मुली तेवढंच बोलत होत्या: अनवाणी, नदीकाठी, आणि आज इथे.

त्यानंतर आठवड्याभरातच दोनेत्स्कच्या जागतिक युवा स्पर्धेत ती १०० मीटरच्या अंतिम फेरीत पोहोचली. जागतिक पातळीवरच्या स्पर्धेत त्या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय. पुढच्या वर्षी, जून २०१४ मध्ये, तैपेईला आशियाई कनिष्ठ स्पर्धेत २०० मीटर आणि ४ बाय ४०० रिले, दोन सुवर्णं. जुलैत ग्लासगोची राष्ट्रकुल स्पर्धा आणि सप्टेंबरात इंचॉनचे आशियाई खेळ. अठरा वर्षांच्या धावपटूला याहून चांगला उन्हाळा कोणता मिळणार?

त्याच जूनच्या अखेरीस तिला दिल्लीत तपासणीसाठी बोलावलं गेलं. ही तपासणी नेमकी कशासाठी आहे हे आपल्याला सांगितलं गेलं नव्हतं, असं तिने पुढे, खेळातले तंटे सोडवणाऱ्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादापुढे सांगितलं. मग बेंगळुरूत आणखी तपासण्या. तिच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे एरवी पुरुषांत जास्त असणारं संप्रेरक, नैसर्गिकरीत्या जास्त आहे, तेव्हाच्या नियमात बसत नाही, असा निष्कर्ष निघाला आणि ग्लासगोला विमान निघायच्या तोंडावर तिचं नाव वगळलं गेलं. काही दिवसांतच ते वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर होतं. तिच्या गावात, जिथे तिचे आईवडील मागावर बसत होते, लोक येऊन विचारू लागले की तुमची मुलगी नक्की कोण आहे.

हे सगळं तुमच्या आजच्या कार्यकारिणीने केलं असं मी म्हणत नाही. पण लवादातल्या खटल्यात पहिला प्रतिवादी म्हणून तुमच्याच महासंघाचं नाव आहे. संस्था तीच आहे, म्हणून संस्थेशी बोलते.

यात दोन वेगळ्या गोष्टी घडल्या. एक, तिला खेळण्यापासून थांबवलं. ते नियमाने झालं, तो नियम जागतिक संघटनेचा होता आणि त्याच्याशी ती लढली. दुसरी, तिच्या शरीराची खासगी गोष्ट तिच्या आधी जगाला कळली. ते करा असं कोणत्याही नियमाने सांगितलं नव्हतं.

पहिल्या गोष्टीवर तिने काय केलं, ते मी माझ्या प्रत्येक नव्या मुलीला सांगते. शस्त्रक्रिया करा किंवा औषधं घ्या, मग धावा, हा पर्याय तिच्यासमोर होता. मला काहीही आजार नाही, मग उपचार कसले, असं म्हणत तिने तो नाकारला. खेळातल्या स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या पायोष्णी मित्रा तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या, कॅनडातले वकील फी न घेता लढले, आणि आपल्याच क्रीडा प्राधिकरणाने तिच्या अपिलाला पाठबळ दिलं. हेही नोंदवायला हवं, कारण सरकारी यंत्रणेने मनावर घेतलं तर ती खेळाडूच्या बाजूने उभी राहू शकते याचा तो दाखला आहे. जुलै २०१५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाने निकाल दिला. नैसर्गिक टेस्टोस्टेरॉनमुळे अशा स्त्रियांना नेमका किती फायदा होतो, तो पुरुषांना मिळणाऱ्या फायद्याच्या जवळपास जाणारा आहे का, हे जागतिक संघटनेला दाखवता आलं नाही, म्हणून तो नियम दोन वर्षांसाठी स्थगित झाला. विणकराच्या घरातली एकोणीस वर्षांची मुलगी आणि समोर जगाची संघटना.

पण ग्लासगो गेलं ते गेलंच. इंचॉनही गेलं. आमच्या खेळात अठरा-एकोणीसचं वर्ष म्हणजे काय, हे तुमच्यातल्या माजी धावपटूंना मी सांगायला नको. या वयात ब्लॉकमधून निघण्याचा कोन बसतो, पहिल्या तीस मीटरचा आवेग हाडात मुरतो, शेजारच्या लेनमध्ये आपल्याहून वेगवान मुलगी असताना खांदे सैल ठेवायला शिकायचं असतं. हे एकट्याने सराव करून येत नाही. मोठ्या स्पर्धेतल्या हीट, म्हणजे प्राथमिक फेऱ्या, लागतात, फिजिओ लागतो, शांत डोकं लागतं. वकिलांच्या फोनची वाट बघत कोणी साठ मीटर बारा वेळा नीट धावू शकत नाही. मी साध्या पोलीस भरतीच्या निकालाची वाट बघणाऱ्या मुलींची टायमिंग घसरताना पाहिली आहेत. ही तर आपण बाई आहोत हे सिद्ध करायची वाट बघत होती.

तरीही ती परतली. हैदराबादला प्रशिक्षक नागपुरी रमेश यांच्या हाताखाली, बॅडमिंटनचे गोपीचंद यांनी आपल्या अकादमीत आसरा दिल्यावर. रिओसाठी ११.३२ सेकंदांची पात्रता हवी होती. एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीच्या फेडरेशन कपमध्ये तिने ११.३३ दिले. सोळा वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला आणि ऑलिंपिक एका शतांशाने हुकलं. जूनच्या शेवटी अल्माटीत ११.२४. पी. टी. उषा १९८० मध्ये मॉस्कोला १०० मीटर धावल्या, त्यानंतर छत्तीस वर्षांनी ऑलिंपिकच्या त्या शर्यतीत एक भारतीय स्त्री उभी राहिली. रिओत ती पहिल्याच फेरीत बाहेर गेली, पण हीटच्या रेषेवर ती होती.

११.३२ हा आकडा तिच्या वाटेत पुन्हा पुन्हा येतो. २६ ऑगस्ट २०१८, जकार्ता: आशियाई खेळांच्या १०० मीटरमध्ये पहिली ११.३०, द्युती ११.३२, तिसरी ११.३३. तीन मुली आणि तीन शतांश. बत्तीस वर्षांनी भारताला या शर्यतीत रौप्य मिळालं. याआधीचं उषांचं, १९८६ च्या सोलमधलं. तीन दिवसांनी २०० मीटरलाही रौप्य. जुलै २०१९ मध्ये नेपल्सच्या जागतिक विद्यापीठ खेळांत पुन्हा ११.३२ आणि या वेळी सुवर्ण. २०२१ मध्ये पतियाळाला ११.१७ चा राष्ट्रीय विक्रम. हे सगळं त्या मुलीने केलं, जिला २०१४ मध्ये घरी पाठवलं होतं. निमूटपणे घरी बसलेल्या किती जणी असतील, ते मोजायला आपल्याकडे काही साधन नाही.

आता ज्या गोष्टीचा उल्लेख टाळला तर हे पत्र अप्रामाणिक होईल, ती गोष्ट. डिसेंबर २०२२ मधल्या तिच्या नमुन्यांत बंदी असलेली द्रव्यं सापडली आणि तिच्यावर चार वर्षांची बंदी आली. आपण जाणूनबुजून घेतलं नाही हे तिचं म्हणणं मान्य झालं नाही. मी माझ्या मुलींना हेही सांगते, आणि सांगताना मला त्रास होतो. उत्तेजकांच्या बाबतीत सूट नसावी असं माझं ठाम मत आहे. पण ही दोन प्रकरणं एकाच गाठोड्यात बांधणारे लोक मला भेटतात, "बघा, तेव्हाच संशय होता" म्हणणारे, आणि तिथे मी भांडते. २०१४ मध्ये तिने काहीही घेतलं नव्हतं. जन्माने मिळालेलं शरीर आणि बाहेरून आत गेलेलं औषध यांत फरक आहे, आणि २०२२ च्या चुकीने २०१४ चा अन्याय फिटत नाही.

मला खरं बोलायचं आहे ते दुसऱ्या गोष्टीबद्दल, नाव फुटण्याबद्दल. कारण ते द्युतीच्या आधीही झालं होतं. तमिळनाडूच्या सांती सौंदराजन यांनी २००६ मध्ये दोहाच्या आशियाई खेळांत ८०० मीटरचं रौप्य जिंकलं. लिंगचाचणीत नापास झाल्याचं त्यांना टीव्हीवरच्या बातमीतून कळलं. पदक गेलं. ज्यांनी देशाच्या जर्सीत आशियाई पदक घेतलं होतं, त्या पुढे वीटभट्टीवर मजुरी करताना दिसल्या. नंतर प्रशिक्षक म्हणून त्या पुन्हा मैदानावर आल्या, ही त्यांची जिद्द. त्यात आपलं श्रेय फार थोडं.

आणि हे फक्त भारतात होतं असंही नाही. स्पेनची अडथळ्यांची धावपटू मारिया होसे मार्तिनेस-पातिन्यो १९८५ मध्ये जपानमधल्या कोबेच्या स्पर्धेत लिंगचाचणीत अडकली. पाय दुखावल्याचं नाटक कर, असं तिच्याच संघाच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं आणि ती पायाला पट्टी बांधून प्रेक्षकांत बसली. पुढच्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेआधी पुन्हा तेच कर म्हणाले. या वेळी ती धावली, जिंकली आणि बातमी फुटली. शिष्यवृत्ती गेली, विक्रम पुसले गेले. तिच्या शरीराला टेस्टोस्टेरॉनचा उपयोगच करता येत नव्हता, म्हणजे फायद्याचा प्रश्नच नव्हता. १९८८ मध्ये तिला परत घेतलं. तोवर तीन वर्षं गेली होती, आणि १९९२ ची ऑलिंपिक पात्रता तिची एका सेकंदाच्या दहाव्या भागाने हुकली.

म्हणून माझी पहिली विनंती निकालाच्या अर्थाबद्दल आहे. हा जनुक सापडला म्हणजे सगळं ठरलं, असं कोणी वागू नये. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये तीन हजारांवर स्त्रियांची तपासणी झाली, आठ जणींत हा जनुक सापडला आणि पुढच्या तपासणीनंतर आठही जणींना खेळू दिलं गेलं. ज्यांनी हा जनुक १९९० मध्ये शोधला, त्या अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच खेळातल्या या वापराला जाहीर विरोध केला आहे. आजच्या नियमातही, टेस्टोस्टेरॉनला शरीर अजिबात दाद देत नाही अशा स्त्रियांना मुभा आहे. म्हणजे पहिल्या नमुन्यानंतर जाणकार डॉक्टर, वेळ आणि शांतता लागते. हे विमान सुटायच्या आठ दिवस आधी होत नाही. चाचणी हंगामाच्या सुरुवातीला घ्या. निवड जाहीर झाल्यावर कधीही नको.

दुसरं भाषेबद्दल. संमतीचा कागद मी पाहिलेला नाही, पण असे कागद कसे असतात ते मला माहीत आहे. चार पानी इंग्रजी आणि शेवटी "इथे सही कर". माझ्या मुली सही करतील. त्या माझ्या शब्दावर सही करतात, कागद वाचून नव्हे, आणि त्याचंच मला भय वाटतं. तो कागद मराठीत, ओडियात, तमिळमध्ये, संतालीत द्या. कशाची तपासणी आहे, काय निघू शकतं, निघालं तर पुढे कोणते मार्ग आहेत, नाही म्हटलं तर काय होईल, हे एखाद्या बाई डॉक्टरने आईसमोर बसून सांगावं. सतरा वर्षांच्या मुलीला आपल्या शरीराबद्दलची अशी गोष्ट पहिल्यांदा कळणार असेल, तर ती फोनवरून किंवा व्यवस्थापकाच्या तोंडून कळता कामा नये.

आणि ती आधी तिलाच कळावी. राज्य संघटनेला नको, शिबिराच्या वॉर्डनला नको. मी वीस वर्षं शिकवते, तरी मलाही नको. मुलीला वाटलं तर ती मला सांगेल. नमुन्यावर नाव नसावं, आकडा असावा, आणि आकडा कोणाचा हे माहीत असणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता यावीत. त्यांची नावं लेखी असावीत, म्हणजे बातमी फुटली तर कुठून फुटली हे विचारता येईल. द्युतीच्या वेळी या प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलं नाही.

तुम्ही म्हणाल, आता सगळ्याच मुलींची चाचणी आहे, कोणा एकीकडे बोट दाखवलं जात नाही. ते खरं आहे, आणि पूर्वीच्या पद्धतीपेक्षा एवढी गोष्ट बरी आहे. दिसण्यावरून संशय घेण्याने काय होतं, ते मी माझ्याच मैदानावर पाहिलं आहे. माझी एक मुलगी होती, चौदा वर्षांची, कापलेले केस, ओठावर बारीक लव. एका स्पर्धेत तिने तिच्या गटाच्या मुलींना दहा मीटरने मागे टाकलं. दुसऱ्या एका मुलीच्या घरच्यांनी आरडाओरडा केला आणि एका संयोजकाने सगळ्यांसमोर मला म्हटलं, डॉक्टरचा दाखला आणा, मग पदक न्या. मी भांडले, पदक घेतलं. ती मुलगी गाडीत काही बोलली नाही. नंतरच्या सोमवारी सरावाला आली नाही, पुढच्या सोमवारीही नाही. हातघड्याळावर मातीत तिचं १३.१ होतं. मी तिच्या घरी तीनदा गेले.

पण सगळ्यांची चाचणी असली, तरी निकालानंतर एक नाव यादीतून गळतं, आणि गळलेलं नाव सगळे वाचतात. काल शिबिरात होती, आज नाही, म्हणजे काय समजायचं ते लोक समजतात. यावर उपाय एकच दिसतो. कोणतीही खेळाडू कोणत्याही कारणाने संघाबाहेर गेली, मग स्नायू दुखावला असो, परीक्षा असो की घरचं कार्य, महासंघाने कारण कधीच जाहीर करायचं नाही. आजपासून, प्रत्येकीसाठी. मग एखादीबद्दल तुम्ही गप्प राहिलात तर त्या गप्प राहण्यातून कोणाला काही वाचता येणार नाही, आणि कोणा मुलीला पायाला खोटी पट्टी बांधून बसावं लागणार नाही.

द्युतीच्या आयुष्यातली आणखी एक गोष्ट मला इथे आठवते. मे २०१९ मध्ये, आपलं एका मुलीवर प्रेम आहे, हे तिने स्वतः जाहीरपणे सांगितलं. आपल्या देशात तोवर कोणत्याही खेळाडूने असं उघडपणे सांगितलं नव्हतं. त्यावरही गावात, घरात, वादळ झालंच. पण ते शब्द तिचे होते, वेळ तिने निवडली होती. २०१४ मध्ये तिला ना शब्द निवडू दिले, ना वेळ.

शेवटचं पैशाबद्दल, कारण आमच्याकडे ते पहिलं असतं. जिचं नाव यादीतून जाईल, तिची शिष्यवृत्ती, वसतिगृहातली खाट आणि खेळाडू म्हणून मिळालेली नोकरी त्याच दिवशी जाऊ नये. तिने फसवणूक केलेली नाही. निदान पुढची वैद्यकीय तपासणी पूर्ण होईपर्यंत आणि तिला अपील करायचं असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत यातलं काहीही काढून घेतलं जाणार नाही, एवढं लेखी द्या. अपिलाला वकील लागतो, आणि फी न घेणारा परदेशी वकील प्रत्येकीला भेटत नाही.

माझ्या दोन मुली या हंगामात राज्य निवड चाचणीला उतरणार आहेत. एक १०० मीटर, एक २००. दोघींची टायमिंग सुधारत आहेत, आणि कधी नव्हे ते मला त्यांच्याबद्दल पुढच्या पातळीची स्वप्नं पडू लागली आहेत. ज्या आईने मला प्रश्न विचारला, ती यातल्या धाकटीची. सकाळी साडेपाचला ती मुलीला मैदानावर सोडते आणि तशीच कामावर जाते. रोज माझ्याकडे बघून थांबते, मी काही सांगेन म्हणून.

तुमचं उत्तर मराठीत आलं, तर मी ते तिला जसंच्या तसं वाचून दाखवेन.

आपली,
मुलींना धावायला शिकवणारी एक प्रशिक्षिका